प्रेक्षकांविना फुटबॉल : दीर्घ खंडानंतरची व्यावसायिक संघांची कामगिरी

साथ, दंगल किंवा शिस्तभंगाची शिक्षा अशा कारणांनी प्रेक्षकांना प्रवेश न देता खेळवलेल्या सामन्यांना विनाप्रेक्षक सामने म्हणतात. कोविड-१९ च्या साथीत जगभरच्या स्पर्धा काही महिने थांबल्या आणि नंतर रिकाम्या मैदानांवर सुरू झाल्या. त्यामुळे दीर्घ विश्रांती आणि प्रेक्षकांचा अभाव या दोन गोष्टी संघांच्या वाट्याला एकाच वेळी आल्या. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः गोव्यात भरलेल्या इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) २०२०-२१ आणि २०२१-२२ या दोन हंगामांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : साथीपूर्वीचे अभ्यासयोग्य उदाहरण इटलीचे आहे. २ फेब्रुवारी २००७ रोजी कतानिया येथील सामन्याच्या वेळी उसळलेल्या दंगलीत फिलिप्पो राचिती हा पोलीस अधिकारी मरण पावला. त्यानंतर सुरक्षेचे निकष न पाळणाऱ्या मैदानांवरील सामने प्रेक्षकांविना खेळवले गेले. दोन स्वीडिश अर्थशास्त्रज्ञांनी या सामन्यांची इतर सामन्यांशी तुलना केली. भरलेल्या मैदानावर पंच यजमान खेळाडूंना सौम्य आणि पाहुण्यांना कडक शिक्षा देतात, हा कल रिकाम्या मैदानावर ओसरतो, असे त्यांना आढळले. म्हणजे गर्दीचा परिणाम खेळाडूंच्या पायांपेक्षा पंचाच्या शिटीवर अधिक होत असावा. हा निष्कर्ष पुढे बराच उद्धृत झाला, पण सामन्यांची संख्या लहान होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

युरोपातील पुनरारंभ : मोठ्या स्पर्धांपैकी जर्मनीची बुंडेसलिगा प्रथम, १६ मे २०२० रोजी, सुरू झाली. पहिल्या फेरीतील नऊ सामन्यांपैकी फक्त एक यजमानांनी जिंकला (डॉर्टमुंडने शाल्केला ४-० हरवले). उरलेल्या हंगामातही यजमानांच्या विजयांचे प्रमाण खंडापूर्वीच्या पातळीवर आले नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२०-२१ साली पाहुण्या संघांनी १५३ सामने जिंकले, यजमानांनी १४४. तेथील सर्वोच्च श्रेणीच्या इतिहासात असे प्रथमच घडले. लिव्हरपूल हा संघ घरच्या मैदानावर लीगचे ६८ सामने अपराजित होता. जानेवारी २०२१ मध्ये बर्नलीने ती मालिका तोडली आणि तिथून लिव्हरपूल घरच्या मैदानावर लागोपाठ सहा सामने हरला. त्याचे खापर सर्रास रिकाम्या स्टँडवर फोडले जाते. मात्र त्याच काळात संघाचे मधल्या बचावफळीतील तिन्ही प्रमुख खेळाडू जायबंदी होते, ही बाब अशा विवेचनात सहसा मागे पडते.

खेळाडूंच्या शारीरिक तयारीची चिंता नियमातही उतरली. ८ मे २०२० रोजी आंतरराष्ट्रीय नियम मंडळाने तीनऐवजी पाच बदली खेळाडूंना तात्पुरती मुभा दिली. ती पुढे कायम झाली. ज्या संघाच्या बाकावर चांगले खेळाडू बसलेले असतात, त्याला या नियमाचा फायदा जास्त. खंडानंतरच्या निकालांवर प्रेक्षकांच्या अनुपस्थितीइतकाच याचाही परिणाम झाला असावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

भारतातील खंड : १४ मार्च २०२० रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर आयएसएलचा अंतिम सामना प्रेक्षकांविना झाला. त्यात एटीकेने चेन्नईयिन एफसीला ३-१ हरवले. दुसऱ्याच दिवशी ठरलेला आय-लीगमधील मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना झाला नाही. बागानचे विजेतेपद आधीच निश्चित झालेले असल्याने त्यांना विजेते घोषित करण्यात आले. २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागली. व्यावसायिक फुटबॉल ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालमधील आय-लीग पात्रता स्पर्धेने आणि २० नोव्हेंबर २०२० रोजी गोव्यातील आयएसएलने पुन्हा सुरू झाले. आयएसएलपुरता हा खंड आठ महिने सहा दिवसांचा होता, जर्मनीत तो सुमारे दोन महिन्यांचा होता. त्यामुळे युरोपातील निष्कर्ष भारताला जसेच्या तसे लावता येत नाहीत. तिकडचे संघ मोडलेला हंगाम पुढे नेत होते. इकडच्या संघांनी मधल्या काळात प्रशिक्षक बदलले होते, परदेशी खेळाडू बदलले होते आणि नव्या हंगामाला नव्याने सुरुवात केली होती.

गोव्यातील व्यवस्था : अकरा संघ, ११५ सामने आणि तीन मैदाने (फातोर्ड्याचे जवाहरलाल नेहरू मैदान, बांबोळीचे जीएमसी मैदान आणि वास्कोचे टिळक मैदान) अशी योजना होती. संघ हॉटेलांत विलगीकरणात राहत. हॉटेल, सराव आणि सामना एवढेच त्यांचे जग असे, आणि त्याला खेळाडू ‘बबल’ म्हणत. प्रत्येक संघाला एक मैदान ‘घरचे’ म्हणून नेमून दिले होते. व्यवहारात एफसी गोवा सोडून कोणालाच घर नव्हते. हैदराबाद, गुवाहाटी, कोची, कोलकाता सगळेच त्या कागदोपत्री घरी पाहुणे. विमानप्रवास नाही, बदलते हवामान नाही. थकवा होता तो दर तीन-चार दिवसांनी येणाऱ्या सामन्यांचा. आयएसएलमधील पहिली कोलकाता डर्बी (मोहन बागान-ईस्ट बंगाल सामना) २७ नोव्हेंबर २०२० रोजी वास्कोच्या टिळक मैदानावर रिकाम्या स्टँडसमोर झाली. कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर या सामन्याला किती गर्दी लोटते हे ठाऊक असणाऱ्यांना ही गोष्ट खरी वाटणार नाही. एटीके आणि मोहन बागान यांच्या विलीनीकरणातून बनलेल्या एटीके मोहन बागानने ती २-० जिंकली.

याच कारणाने गोव्यातील हंगामावरून ‘घरच्या मैदानाचा फायदा’ मोजण्याचे प्रयत्न फारसे उपयोगाचे नाहीत. तो मोजायला घर आणि परके गाव असा भेद लागतो, आणि तोच इथे पुसलेला होता. संघबांधणी आणि तयारीची कसोटी मात्र क्वचितच इतक्या निखळ स्वरूपात पाहायला मिळाली.

मुंबई सिटी एफसी : अंधेरीच्या क्रीडा संकुलात घरचे सामने खेळणारा हा संघ २०१९-२० मध्ये पाचवा होता. सिटी फुटबॉल ग्रुपने नोव्हेंबर २०१९ मध्ये त्यात ६५ टक्के भागीदारी घेतली होती. साथीच्या खंडात प्रशिक्षक म्हणून सर्जिओ लोबेरा आले. जानेवारी २०२० अखेर एफसी गोवाने त्यांना हंगाम संपण्यापूर्वीच पदावरून दूर केले होते. त्यांच्यामागोमाग गोव्याहून अहमद जाहू, ह्युगो बुमूस, मोर्तादा फॉल आणि मंदार राव देसाई हे चौघे मुंबईत दाखल झाले. पुढच्या यशाचे सगळ्यांत पटणारे स्पष्टीकरण हेच आहे. आठ महिने मैदानापासून दूर राहिलेल्या, आठवडे मोजून सराव मिळालेल्या संघात कोणाचा पास कुठे येणार हे पाठ असलेला एक गटच आयता आला. बाकीचे संघ ती ओळख डिसेंबरभर सामने खेळत करून घेत होते.

तरीही सुरुवात फसली. २१ नोव्हेंबरला नॉर्थईस्ट युनायटेडविरुद्ध जाहूला पूर्वार्धातच लाल कार्ड मिळाले आणि मुंबई पेनल्टीवरील गोलने ०-१ हरली. त्यानंतर संघ १२ सामने अपराजित राहिला. ही मालिका ३० जानेवारी २०२१ रोजी नॉर्थईस्टनेच तोडली. फेब्रुवारीत बंगळुरू (२-४) आणि जमशेदपूर (०-२) यांच्याकडून लागोपाठ हार पत्करावी लागली. यामागे शारीरिक थकवा, बबलमधला मानसिक कंटाळा की निव्वळ बेसावध बचाव, याविषयी मतभेद आहेत. २४ फेब्रुवारीला ओडिशावर ६-१ असा विजय मिळाला, त्यात बिपिन सिंगचे तीन गोल होते. २८ फेब्रुवारीला बांबोळीत एटीके मोहन बागानला २-० हरवून मुंबईने ४० गुण गाठले. दोन्ही संघांचे गुण समान झाले, परंतु परस्परांतील दोन्ही सामने मुंबईने जिंकले असल्याने लीग विजेत्याची शील्ड मुंबईला मिळाली. २० सामन्यांत १२ विजय, ४ बरोबरी, ४ पराभव अशी नोंद झाली. या शील्डमुळे मुंबईला आशियाई चॅम्पियन्स लीगची जागाही मिळाली.

१३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्यावर त्याच दोन संघांत अंतिम सामना झाला. डेव्हिड विल्यम्सने एटीके मोहन बागानला आघाडी मिळवून दिली, तिरीच्या स्वयंगोलने बरोबरी झाली आणि ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने विजयी गोल केला. एकाच हंगामात शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकणारा मुंबई हा आयएसएलमधील पहिला संघ. हे दोन्ही विजय अंधेरीच्या एकाही प्रेक्षकाने मैदानावर बसून पाहिले नाहीत.

एफसी गोवा : घर असलेला एकमेव संघ, म्हणून या नोंदीत त्याचे महत्त्व आहे. २०२०-२१ च्या पहिल्या तीन सामन्यांत त्याला विजय मिळाला नाही. बंगळुरूविरुद्ध ०-२ अशा पिछाडीवरून इगोर अँगुलोच्या दोन गोलांनी बरोबरी साधली, मुंबईविरुद्ध भरपाई वेळेतील पेनल्टीने पराभव झाला, नॉर्थईस्टशी पुन्हा बरोबरी झाली. प्रशिक्षक हुआन फेरांदो यांचा हा संघ पुढे क्वचितच हरला, पण क्वचितच निर्णायक जिंकलाही : ७ विजय, १० बरोबरी, ३ पराभव आणि चौथे स्थान. उपांत्य फेरीत मुंबईशी २-२ आणि ०-० अशा बरोबरीनंतर टायब्रेकरवर ५-६ अशी हार झाली. ओळखीचे गवत आणि ओळखीची हवा एवढ्यावर घराचा फायदा होत नाही, असे मानायला यात जागा आहे. अर्थात लोबेरांसह गेलेल्या चौघांची उणीव हेही तितकेच सबळ कारण ठरते.

एप्रिल २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला. सामने फातोर्ड्यावरच, पण प्रेक्षकांविना झाले. अल रय्यानशी ०-० व १-१ आणि अल वाहदाशी ०-० अशा तीन बरोबऱ्या आणि तीन पराभव हाती आले. गोव्याच्या फुटबॉलमधील हा सर्वांत मोठा प्रसंग गोवेकरांना दूरचित्रवाणीवर पाहावा लागला. डिसेंबर २०२१ मध्ये, हंगाम चालू असताना, फेरांदो एटीके मोहन बागानकडे गेले. डेरिक परेरा यांनी सूत्रे घेतली, पण संघ नवव्या स्थानावर घसरला.

हंगामातील लहान खंड : विश्रांतीचा परिणाम प्रेक्षकांच्या अनुपस्थितीपासून वेगळा काढून पाहण्याची संधी २०२१-२२ मध्ये मिळाली. जानेवारी २०२२ मध्ये संघांत बाधित सापडू लागले, सामने पुढे ढकलले गेले, खेळाडू हॉटेलच्या खोल्यांत अडकले. प्रेक्षक आधीही नव्हते, नंतरही नव्हते. बदल झाला तो केवळ सरावात. केरळ ब्लास्टर्स दहा सामने अपराजित होते. १२ जानेवारीनंतर थेट ३० जानेवारीला ते मैदानात उतरले आणि बंगळुरूकडून ०-१ हरले. एटीके मोहन बागानलाही ५ ते २३ जानेवारी असा तेवढाच खंड पडला. ते ओडिशाशी ०-० बरोबरीत राहिले आणि पुढच्याच सामन्यात, २९ जानेवारीला, कियान नासिरीच्या तीन गोलांवर ईस्ट बंगालला ३-१ हरवून मोकळे झाले. दोन उदाहरणांवरून नियम बांधता येत नाही. मात्र पहिल्या सामन्यात दोघांनाही गोल करता आला नाही, ही गोष्ट प्रशिक्षकांनी टिपून ठेवण्यासारखी आहे.

राष्ट्रीय संघ : १९ नोव्हेंबर २०१९ नंतर भारतीय पुरुष संघ थेट २५ मार्च २०२१ रोजी दुबईत खेळला. ओमानशी १-१ बरोबरी, चार दिवसांनी संयुक्त अरब अमिरातीकडून ०-६ पराभव.

महाराष्ट्र : महिलांच्या आशियाई चषकाचे सामने जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई, नवी मुंबई आणि पुणे येथे बबलमध्ये झाले. यजमान भारताने नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर इराणशी ०-० बरोबरी केली. २३ जानेवारीला संघातील बहुसंख्य खेळाडू बाधित निघाल्याने चिनी तैपेईविरुद्धचा सामना होऊ शकला नाही आणि भारताला स्पर्धेतून बाहेर पडावे लागले.

कोल्हापूरच्या पेठांमधले फुटबॉल व्यावसायिक नसल्याने या नोंदीच्या कक्षेत येत नाही. शाहू मैदानावरचा सामना प्रेक्षकांविना कसा असेल, याची कल्पनाही तिथे कोणी करणार नाही. मूळचा कोल्हापूरचा अनिकेत जाधव मात्र २०२१-२२ च्या विजेत्या हैदराबाद संघात होता.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील मुंबई सिटीचा प्रेक्षक एरवी मध्य रेल्वेने घाटकोपरला उतरून मेट्रोने आझाद नगर गाठतो आणि तिथून अंधेरीचे मैदान जवळ आहे. लोकल सर्वसामान्यांसाठी मार्च २०२० पासून बंद होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ठरावीक वेळांत सुरू होऊन एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि दोन लसमात्रा घेतलेल्यांसाठी १५ ऑगस्ट २०२१ पासून उघडली. सामने गोव्याला गेले नसते, तरी हा प्रेक्षक २०२०-२१ मध्ये मैदानापर्यंत पोहोचला नसता.

प्रेक्षकांचे पुनरागमन : २० मार्च २०२२ रोजी फातोर्ड्यावरील हैदराबाद-केरळ ब्लास्टर्स अंतिम सामन्याला प्रेक्षकांना प्रवेश मिळाला आणि केरळहून पिवळ्या कपड्यांतले समर्थक मोठ्या संख्येने आले. सामना १-१ राहिला. हैदराबादचा बरोबरीचा गोल साहिल तवोराने ८८ व्या मिनिटाला केला, टायब्रेकरमध्ये लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन फटके अडवले आणि हैदराबादने तो ३-१ जिंकला. दोघेही गोव्याचेच. आवाज जिकडे, विजय तिकडे असे त्या दिवशी तरी झाले नाही.

२०२२-२३ पासून आयएसएलचे सामने पुन्हा संघांच्या आपापल्या गावी होऊ लागले. प्रेक्षकांविना विजेती ठरलेली मुंबई, डेस बकिंगहॅम यांच्या हाताखाली, प्रेक्षकांसमोरही सलग १८ सामने अपराजित राहिली. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी फातोर्ड्यावर एफसी गोवाला ५-३ हरवून तिने दुसऱ्यांदा शील्ड निश्चित केली.