आमच्या राज्याचा नकाशा

नातवाने वाढदिवसाच्या पैशांतून शाईची पेनं आणली. पेनं कसली, सुयाच! टोकाची जाडी म्हणे ०.१ मिलिमीटर. एवढ्या बारीक टोकाने लिहिणार काय, असं मी विचारलं, तर म्हणाला, "लिहायचं नाही, आजोबा. नकाशा काढायचाय." कुठला? तर जगात नसलेल्या देशाचा. घरच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. मी मात्र खुर्ची पुढे ओढली. या धंद्यातला मी जुना माणूस आहे.

१९६०च्या सुमारास जुन्या नाशकातल्या एका वाड्यात मी आणि समोरच्या बिऱ्हाडातला मित्र असे दोघे एका राज्याचे मालक होतो. वडिलांचा टाक, काळी शाई आणि भूगोलाच्या वहीची मधली दोन पानं, एवढ्यावर ते उभं होतं. किनारा काढताना श्वास रोखून धरायचा, हे शास्त्र आम्ही स्वतः शोधून काढलं. तळहाताखाली टीपकागद हवाच, नाहीतर ओल्या शाईवर हात फिरून अर्धा प्रांत पुसला जायचा. डोंगर एकाच बाजूने बारीक रेघा मारून काळे करायचे, म्हणजे उठून दिसतात. राज्य काल्पनिक, पण नदी पश्चिमेच्या डोंगरातून निघून पूर्वेलाच जायची. समुद्र तेवढा राजधानीला खेटून ठेवला होता. नाशिककराला तीच काय ती उणीव! एकदा मास्तरांनी वही पकडली आणि "हा देश आहे कुठे?" म्हणून दोन छड्या दिल्या.

तेव्हा टॉलेमी ठाऊक असता, तर मास्तरांना सुनावलं असतं. (मनातल्या मनात.) इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हा गृहस्थ इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात बसून जगाचा भूगोल लिहीत होता. सुमारे ८,००० ठिकाणं त्याने नोंदवली, आणि त्यांत आपलं नाशिक आहे, 'नासिका' या नावाने! पैठण आहे, तिथला राजा 'सिरोप्टोलेमायोस' आहे. म्हणजे आपला सातवाहन पुळुमावीच. त्याच्या आजीचा, गौतमी बलश्रीचा, लेख पांडवलेण्यांत आहे. पण टॉलेमीबुवांची सगळी माहिती खलाशी-व्यापाऱ्यांकडून ऐकलेली. त्यामुळे त्याच्या आकड्यांवरून नकाशा काढला की भारताचा खालचा त्रिकोण गायब! किनारा जवळजवळ सरळ पूर्वेला पळतो आणि खाली श्रीलंका भलीमोठी. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून हे नाशिक, असं आपण सांगतो. टॉलेमीने सबंध देशाचंच नाक कापलं. त्याला छड्या राहिल्या बाजूला, तेराशे वर्षांनी युरोपात त्याचे नकाशे छापले गेले.

आमच्या जातकुळीचा खरा माणूस म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन. १८८१ साली स्कॉटलंडमध्ये सावत्र मुलाबरोबर रंग खेळता खेळता त्याने एका बेटाचा नकाशा काढला. त्यातून 'ट्रेझर आयलंड' निघालं. आधी नकाशा, मग गोष्ट. पुढे पुस्तक छापायची वेळ आली, आणि हस्तलिखिताबरोबर पाठवलेला नकाशा प्रकाशकाकडे पोचलाच नाही! मग पुस्तकातले उल्लेख वेचत, मोजमापं जुळवत, वडिलांच्या ऑफिसात दुसरा तयार झाला. वडील दीपगृहांचे इंजिनियर. त्यांनी कॅप्टन फ्लिंटची खोटी सहीसुद्धा ठोकून दिली. पण हा नकाशा आपल्याला कधी खरा वाटलाच नाही, अशी कबुली स्टीव्हन्सनने पुढे दिली.

मला त्याचं दुःख कळतं. आमचं राज्य १९६९च्या गोदावरीच्या पुरात वाहून गेलं, असं मी सगळ्यांना सांगतो. ऐकायला बरं वाटतं. खरं म्हणजे त्याच्या कितीतरी आधी दिवाळीच्या साफसफाईत आईने ती वही रद्दीत घातली, आणि साम्राज्याच्या शेंगदाण्याच्या पुड्या झाल्या.

"काढा की, आजोबा," नातवाने पेन पुढे केलं. किनारा जमला. हात थोडा कापतो, पण किनाऱ्याला ते शोभतं. राजधानीपाशी मात्र अडलो. नदीच्या उजव्या काठावर होती की डाव्या? मित्राला पुण्याला फोन लावला. अलीकडे आमचं बोलणं दिवाळी-संक्रांतीपुरतंच, तेही गुडघे आणि साखर या विषयांवर.

"डावा काठ," तो तत्काळ म्हणाला. "आणि राजधानी माझ्या हद्दीत होती."

"तुझ्या? साफ खोटं!"

पाऊण तास भांडलो. गुडघ्यांचं कोणी नावही काढलं नाही.

आठ दिवसांनी पोस्टाने त्याचा नकाशा आला, बॉलपेनने काढलेला. राजधानी डाव्या काठावर. माझ्या अख्ख्या प्रांतावर त्याने 'घनदाट अरण्य' असं लिहिलंय. नातवाकडून ते ०.१चं पेन मी मागून घेतलंय.