पुराचा डाग

आमचा नारायण पेठेतला वाडा या वर्षी रीडेव्हलपमेंटला गेला. पाट, परात, पितळी समया, सगळ्याची वाटणी तासाभरात झाली. अडलं ते देवघरातल्या लक्ष्मीच्या तसबिरीपाशी. काका, बाबा आणि आत्या, तिघांनाही तीच हवी होती. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण घरात फोटोशॉप येणारी मी एकटीच.

“तीन कॉप्या काढ,” बाबा म्हणाले.

चुलतभावाला तर तेवढेही कष्ट नको होते. “अगं, नेटवर फुकट मिळते की हीच लक्ष्मी. डाऊनलोड कर आणि प्रिंट मार.”

कायद्याच्या दृष्टीनं तो बरोबर होता. हे चित्र राजा रवि वर्मा यांचं. ते २ ऑक्टोबर १९०६ ला गेले. आपल्याकडे चित्रावरचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. म्हणजे ही लक्ष्मी कधीच पब्लिक डोमेनमध्ये आली. ती कुणीही छापावी, टी-शर्टवर घ्यावी, कुणाची परवानगी लागत नाही.

मी नेटवरची लक्ष्मी डाऊनलोड केली आणि आमच्या तसबिरीशेजारी धरली. कमळ तेच, हत्ती तोच, पण बाई वेगळी वाटत होती. नेटवरच्या साडीचा लाल रंग डोळ्यांत भरणारा, आमची साडी जुन्या विटेसारखी. शिवाय नेटवरच्या चित्राची खालची कड कापलेली होती. आमच्या चित्राखाली, चौकटीत अर्धी दबलेली, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांची एक ओळ होती : रवि वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा.

त्या एका ओळीपायी मी महिनाभर अडकले.

रवि वर्मांचं नाव झालं ते राजेरजवाड्यांच्या चित्रांमुळे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांसाठी त्यांनी पौराणिक चित्रं काढली, ती लोकांसमोर मांडली गेली आणि बघायला झुंबड उडाली. पण ती ऑइल पेंटिंग्ज शेवटी राजवाड्यातच जाणार. ज्यांनी गर्दी केली त्यांच्या घरी चित्र न्यायचं तर ते छापायला हवं. त्रावणकोर आणि बडोदा या दोन्ही संस्थानांचे दिवाण राहिलेल्या टी. माधवराव यांनी त्यांना हा सल्ला आधीच दिला होता. १८९४ मध्ये रवि वर्मा आणि त्यांचे धाकटे बंधू सी. राज राज वर्मा यांनी मुंबईत गिरगावात छापखाना काढला. यंत्रं जर्मनीहून आणली, कारागीरही जर्मन. दोन वर्षांतच मुंबईत प्लेग आला, माणसं शहर सोडून पळायला लागली. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. कार्ल्याची लेणी तिथून जवळच. म्हणजे आमच्या तसबिरीखालची ओळ सांगत होती की ही प्रत गिरगावातली नाही, १८९९ नंतरची आहे. नेटवर ज्यानं कुणी ती कड कापली, त्यानं चित्राचा पत्ताच कापून टाकला होता.

छापखाना चालला, पण पैशाचं गणित काही जमलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो फ्रिट्झ श्लायकर या जर्मन तंत्रज्ञानं विकत घेतला. देवांच्या चित्रांबरोबर तिथे जाहिराती आणि लेबलंही छापली जाऊ लागली. सिनेमा काढण्याआधी दादासाहेब फाळक्यांनीही या छापखान्यासाठी काम केलं होतं. १९७२ मध्ये तिथे आग लागली आणि बरंच काही जळून गेलं. त्यामुळे आज घराघरांत भिंतीवर ज्या प्रती उरल्यात, तेच त्या छापखान्याचं विखुरलेलं संग्रहालय म्हणायचं. आमच्या देवघरातली एक धरून.

आता मी तसबीर उघडली. पाठीमागचे खिळे गंजलेले, पुठ्ठ्याला कसर लागलेली. चित्र साधारण १४ बाय २० इंचाचं आणि माझा स्कॅनर ए-फोरचा. चार तुकड्यांत, प्रत्येक इंचाला ६०० ठिपके या हिशेबानं स्कॅन केलं आणि कॉम्प्युटरवर जोडलं. मग गालावर झूम केलं आणि हात थांबला.

लक्ष्मीचा गाल नुसत्या ठिपक्यांचा होता. गुलाबी, पिवळे, मध्येच निळसर. आजच्या छपाईत ठिपके मशीनच्या जाळीत ओळीनं बसतात. इथे एकही ओळ नव्हती. दगडी छपाईत प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. मूळ चित्रात कुठला रंग कुठे किती आहे हे कारागीर डोळ्यांनी ठरवायचा आणि दगडावर चरबीच्या शाईनं ठिपके द्यायचा. दगड ओला केला की शाई फक्त त्या ठिपक्यांना धरते, ओल्या जागेवर बसत नाही. एकाच कागदावर असे अनेक दगड एकामागून एक छापायचे, एकही केसभर सरकू न देता. वरून व्हार्निश, म्हणजे ऑइल पेंटिंगची चमक. त्या कारागिरांची नावं चित्राखाली नाहीत. गालावर त्यांचे ठिपके तेवढे आहेत.

उत्सुकतेपोटी मी सॉफ्टवेअरचं ‘एन्हान्स’ बटण एकदा दाबलं. एआयला ते सगळे ठिपके कचरा वाटले. दहा सेकंदांत गाल प्लास्टिकसारखा गुळगुळीत झाला, बांगड्या एकमेकींत वितळल्या आणि ‘कार्ला-लोणावळा’ची कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं झाली. अन्डू केलं आणि हातानं सुरुवात केली.

सगळ्यात अवघड रंग. व्हार्निश पिवळं पडलेलं, लाल उडालेला. मूळ रंग कळणार कसा? उत्तर चौकटीखाली सापडलं. चौकटीची कड ज्या अर्ध्या सेंटिमीटरवर दाबून बसली होती, तिथे इतकी वर्षं उजेड पोचला नव्हता. त्या पट्टीत पाण्याचा निळा आणि कमळाचा गुलाबी अजून ताजे होते. तेच माप धरून बाकीचं चित्र हळूहळू वर आणलं. कसरीनं खाल्लेली भोकं शेजारचेच ठिपके उचलून भरली. पांढरा मात्र पूर्ण पांढरा केला नाही, कारण तो कागद मुळातच दुधासारखा पांढरा नव्हता. मोबाइलच्या स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, कागदाला नसतो. म्हणून आधी चार इंचांची पट्टी छापून पाहायची, मग अख्खं चित्र. माझ्या तीन पट्ट्या काळपट आल्या, चौथी जमली.

शेवटी उरला एक डाग. चित्राच्या खालच्या भागात, हत्तीच्या सोंडेच्या खाली, आडवी तपकिरी नागमोडी रेघ होती. कागद ओला होऊन वाळला की मळ पाण्याच्या कडेला जाऊन बसतो, त्याची ही रेघ. हे पाणी १२ जुलै १९६१ चं होतं. त्या दिवशी पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. तसबीर माडीवर भिंतीला टेकवून ठेवली होती. पाणी तिथपर्यंत आलं.

ही रेघ ठेवायची हे मी मनात पक्कं केलं होतं. छापखान्याची ओळ हा या चित्राचा जन्माचा पुरावा, तर ही त्याच्या आयुष्याची खूण. असा इतिहास पुसायचा का? मी हे सगळं मोठ्या उत्साहानं आत्याला सांगितलं.

“काढ ती,” आत्या म्हणाली.

“अगं, पण पुराची आठवण...”

“आठवण तुला हवीय. मी नऊ वर्षांची होते. आम्ही पर्वतीवर पळालो. दोन दिवसांनी आलो तर गुडघाभर चिखल. आई आधी डब्यांकडे धावली, एखाद्यात कोरडं धान्य राहिलंय का बघायला. लक्ष्मीकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. रोज दिवा लावताना मला ती रेघ दिसते. साठ वर्षं झाली. आता मला तिच्याशिवायची लक्ष्मी बघायची आहे.”

मला उत्तर सुचलं नाही. या चित्रांना लोकांनी कधी जसंच्या तसं ठेवलंच नव्हतं. कुणी लक्ष्मीच्या साडीवर खरी जर चिकटवली, कुणी टिकल्या, कुणी कापडाचा पदर. चित्र कुणाचंच नाही, म्हणजे त्याचं काय करायचं ते ज्याच्या भिंतीवर आहे त्यानं ठरवायचं. आणि ती रेघ जिनं जगली, तिच्यापुढे माझं इतिहासप्रेम उसनंच होतं.

मूळ तसबीर थोरले म्हणून काकांकडे गेली. बाबांच्या प्रतीत रेघ आहे. आत्याच्या प्रतीत नाही. काहीही न बदललेला पहिला स्कॅन तीन ठिकाणी जपून ठेवलाय. उद्या कुणाला वेगळं ठरवायचं असेल, तर ठरवता यावं.

आत्याच्या प्रतीच्या मागे मात्र मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय : “खालचा डाग काढला आहे. तो १२ जुलै १९६१ च्या पाण्याचा होता. ज्यांनी ते पाणी बघितलं, त्यांच्या सांगण्यावरून काढला.”