मुठीची कुळकथा

पनवेलचं महात्मा फुले महाविद्यालय १९७० सालचं, रयत शिक्षण संस्थेचं. तिथून पदवी घेऊन गेलेल्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण या संस्थेच्या पायात सिमेंटच्या आधी धान्य पडलंय, तेही मुठीमुठीने.

दारी आलेल्याला मूठ घालणं आपल्याकडे जुनंच. वासुदेव, गोसावी, माधुकरी मागणारा विद्यार्थी, कोणी रिकामं जायचं नाही. पण त्यात देण्याची वेळ मागणारा ठरवतो. तो फिरकलाच नाही, तर द्यायचंही राहतं. रोज मूठभर धान्य बाजूला काढून संस्था चालवायची, हा मुष्टिफंड. तो काढणाऱ्यांनी त्या मागणाऱ्याला दारातून हलवलं आणि त्याच्या जागी चुलीशेजारी एक गाडगं ठेवलं. खरा शोध हा. दान सणावारातून, ग्रहणा-संक्रांतीतून उठून रोजच्या रांधण्यात आलं.

मूठ काढायची ती शिजवायला मापून घेतलेल्या धान्यातून, कणगीतून नव्हे. म्हणजे तेवढं त्या दिवशी घरच्यांच्याच ताटातून कमी. कोणाला जाणवायचं नाही इतकंच, पण कमी. मूठभर तांदूळ तोलले तर चाळीस-पन्नास ग्रॅम भरतात. एका घराचे वर्षाला पंधरा-अठरा किलो झाले. शंभर घरांचं गाव असेल तर दीड टनाच्या पुढे, आणि त्यात एकही मोठा देणगीदार नाही.

पणजीत १९०८ साली उभी राहिलेली शिक्षणसंस्था तर या रिवाजाचंच नाव लावते: मुष्टिफंड संस्था. पोर्तुगीज अमलात मराठी शिकवायचं, तर सरकारकडे बघून चालणार नव्हतं; घराघरांतल्या मूठभर तांदळांवर शाळा चालवायची होती. त्याच साली इकडे तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळ्यांची कल्पना: माणशी एक पैसा. दोन्ही युक्त्या एकाच हवेतल्या, तरी मला मूठ अधिक हुशार वाटते. पैसा घरातल्या कर्त्याच्या खिशातून निघतो. मूठ निघते ती बाईच्या हातून, आणि तिला त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हे नेमकं हेरलं. १९१९ साली काल्याला रयत स्थापन झाली, १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह सुरू झालं. त्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, ते सर्वांना माहीत आहे. त्या मानाने गावोगावच्या बायांनी काढून ठेवलेली ज्वारी-बाजरी कमी आठवली जाते. दागिने एकदाच मोडता येतात. मुलं मात्र रोज दोन वेळा जेवतात.

पुढे १९५७-५८च्या सुमारास हीच मूठ विनोबांनी उचलली. पनवेलच्या शेजारच्या पेण तालुक्यातलं गागोदं हे त्यांचं जन्मगाव. त्यांच्या सर्वोदय पात्रात मूठ टाकायची ती घरातल्या लहान मुलाने. मोठ्या माणसाच्या मुठीत धान्य जास्त मावतं, हे विनोबांना कळत नव्हतं थोडंच! त्यांना धान्याइतकीच ती सवय हवी होती. भूदानाइतकी ही गोष्ट गाजली नाही. जमीन देणाऱ्याची बातमी होते, मुठीची कशी होणार?

आणि मूठ काढणं सोपं, ती गोळा करणं जिकिरीचं. आठ-पंधरा दिवसांत कोणी नेलं नाही, तर पावसाळी कोकणात धान्याला कीड लागते. त्यात पन्नास घरचे तांदूळ पन्नास तऱ्हेचे. जाडा, बारीक, जुना, नवा एका पातेल्यात शिजवला, तर काही दाण्यांचा गोळा होतो आणि काही दाताखाली येतात. वसतिगृहात वाढलेल्या पिढ्या तो भात जेवल्या.

आजच्या पनवेलमध्ये कणगी नाही, पाच किलोची पिशवी येते. देणगी द्यायला मोबाईल पुरतो. दरमहा बँकेतून आपोआप पैसे वळतेही करता येतात. त्यात नियम आहे, पण देणाऱ्याचा हात त्याला लागत नाही. नव्याने कोणाला मुष्टिफंड काढायचा असेल, तर डबा ठेवून घेणारी घरं खांदा कॉलनीतही मिळतील. दर शनिवारी जिने चढून तो रिकामा करणारा माणूस मात्र आधी शोधावा लागेल.