रक्तातील आकडा आणि एक राजबंदी : नाशिकरोड ते जसलोक

१/ दरवर्षी २५ जून जवळ आला की एक संदेश हमखास फिरू लागतो : आणीबाणीत जयप्रकाश नारायण यांची मूत्रपिंडे जाणूनबुजून निकामी करण्यात आली. त्यावर दुसरा संदेश येतो : छे, ते आधीपासूनच आजारी होते. दोन्हींत खात्री पुरेपूर असते, पुरावा मात्र नसतो. असा पुरावा नेमका कसा असावा लागेल, याविषयी हा थ्रेड.

२/ सुरुवात आपल्या नाशिकपासून. सविनय कायदेभंगाच्या काळात बहुतेक नेते गजाआड गेल्यावर काँग्रेसचे काम भूमिगत राहून चालवणारे जेपी सप्टेंबर १९३२ मध्ये मद्रासला पकडले गेले. त्यांची रवानगी नाशिकरोडच्या कारागृहात झाली. तेव्हा ते तिशीच्या उंबरठ्यावर होते. अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे अशा तरुणांशी तेथे झालेल्या चर्चांतून १९३४ च्या काँग्रेस समाजवादी पक्षाचे बीज रुजले.

३/ ४३ वर्षांनी जेपी पुन्हा राजबंदी झाले; या वेळी स्वतंत्र भारतात. २५ जून १९७५ च्या मध्यरात्रीनंतर दिल्लीत त्यांना अटक झाली आणि १ जुलैपासून चंदीगडच्या पीजीआय रुग्णालयात स्थानबद्ध ठेवण्यात आले. वय ७२. मधुमेहाचा विकार होता आणि आदल्याच वर्षी वेल्लोरला प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झालेली होती. ही पार्श्वभूमी पुढच्या वादात महत्त्वाची ठरते.

४/ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये प्रकृती झपाट्याने खालावली. १२ नोव्हेंबरला त्यांना पॅरोलवर सोडण्यात आले. दिल्लीमार्गे २२ नोव्हेंबरला ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल झाले. तेथे निदान झाले : दोन्ही मूत्रपिंडांनी काम सोडले आहे, आता आयुष्यभर डायलिसिस. याच रुग्णालयाचे उद्घाटन जुलै १९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते झाले होते. इतिहासाला असे योगायोग आवडत असावेत.

५/ मूत्रपिंड निकामी झाले हे डॉक्टरांना कसे कळते? मुख्यतः रक्तातील दोन पदार्थांवरून : युरिया आणि क्रिएटिनिन. हे शरीराच्या रोजच्या व्यवहारातून निर्माण होतात आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकते. गाळणी बिघडली की ते रक्तात साचतात. या दोन आकड्यांना स्वतःचा इतिहास आहे. तो थोडक्यात पाहू.

६/ १८२१ मध्ये प्रेव्हो आणि द्युमा यांनी प्राण्यांची मूत्रपिंडे काढून दाखवले की युरिया रक्तात साठत जातो. १८२७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी अंगावरची सूज, लघवीतील प्रथिन आणि शवविच्छेदनात दिसणारी विकृत मूत्रपिंडे यांची सांगड घातली. रोग्याच्या रक्तात डोकावून मूत्रपिंडाचा हालहवाल सांगता येतो, ही कल्पना येथे आकाराला आली.

७/ १८८६ मध्ये मॅक्स याफे यांना आढळले की क्रिएटिनिनमध्ये अल्कली आणि पिक्रिक आम्ल मिसळले की नारिंगी-लाल रंग येतो. १९०४ मध्ये ओटो फोलिन यांनी त्या रंगाच्या गडदपणावरून प्रमाण मोजण्याची रीत बसवली. आज गल्लीतल्या लॅबमधून येणाऱ्या अहवालातला ‘सीरम क्रिएटिनिन’ हा आकडा बहुधा याच रंगाचा वारसदार असतो.

८/ परंतु हा साक्षीदार उशिरा बोलतो. मूत्रपिंडांची जवळजवळ निम्मी क्षमता गेली तरी क्रिएटिनिन नेहमीच्या मर्यादेत राहू शकते. शिवाय ते स्नायूंतून तयार होते. कृश, वृद्ध माणसाच्या अंगात स्नायूच कमी; म्हणून त्याचा आकडा ‘ठीक’ दिसतो आणि गाळणी मात्र निम्म्याहून अधिक बंद पडलेली असते. तरुण पहिलवान आणि सत्तरीतला आजारी माणूस यांच्या एकाच आकड्याचा अर्थ एक नसतो.

९/ हा दोष भरून काढण्यासाठी वय, वजन आणि क्रिएटिनिन एकत्र मांडणारे कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांचे प्रसिद्ध सूत्र १९७६ मध्ये छापून आले. म्हणजे जेपी जसलोकला दाखल झाल्यानंतर. जुनाट मूत्रपिंडविकाराचे पाच टप्पे तर २००२ मध्ये रूढ झाले. ६० च्या खालची गाळणक्षमता तीन महिने टिकली तर विकार जुनाट, १५ च्या खाली गेली तर शेवटचा टप्पा, ही आजची परिचित भाषा १९७५ च्या डॉक्टरांकडे नव्हती.

१०/ आता मूळ प्रश्नाकडे वळू. नोव्हेंबर १९७५ मधील रक्ताचा अहवाल काय सिद्ध करतो? मूत्रपिंडे निकामी आहेत, एवढेच. ती केव्हापासून खालावत होती आणि कशामुळे, हे एकटा आकडा सांगू शकत नाही. इतिहासाच्या वर्गात पहिल्या वर्षी शिकवतात तेच येथे लागू पडते : एका कागदावरून कालक्रम सिद्ध होत नाही.

११/ त्यासाठी कागदांची मालिका हवी. अटकेपूर्वीचे अहवाल, मग जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबरचे. सोबत लघवीतील प्रथिन, रक्तदाब, दिलेली औषधे आणि मूत्रपिंडांचा आकार. आकसलेली मूत्रपिंडे सहसा जुन्या विकाराकडे बोट दाखवतात. तारखा लावून हे सारे शेजारी ठेवले की उतार वर्षानुवर्षांचा होता की काही आठवड्यांचा, हे दिसू लागते.

१२/ तिसरी शक्यताही असते, जिला फिरत्या संदेशांत जागाच नाही : मधुमेहाने आधीच दुबळ्या झालेल्या मूत्रपिंडांवर नव्या आजाराचा आघात होणे. वैद्यकात हे नेहमी दिसते. अशा वेळी ‘आधीपासून आजारी होते’ आणि ‘कैदेत बिघडले’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात. त्यांपैकी कोणतेही घातपात सिद्ध करत नाही. आणि कोणतेही कोठडीची जबाबदारी पुसूनही टाकत नाही.

१३/ जनता सरकारने १९७७ मध्ये या उपचारांच्या चौकशीसाठी डॉ. नागप्पा अल्वा यांचा आयोग नेमला, यावरून संशयाचे वजन लक्षात येते. खरी अडचण अशी की जो कैदेत ठेवतो, त्याच्याच ताब्यात कैद्याच्या शरीराची कागदपत्रेही असतात. मोकळा रुग्ण अहवाल घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. स्थानबद्ध रुग्णाला ते स्वातंत्र्य नसते.

१४/ पुढे काय झाले? डायलिसिसचे यंत्र विलेम कॉल्फ यांनी नाझी व्याप्त नेदरलँड्समध्ये बनवले. १९४५ मध्ये त्यावर वाचलेली पहिली रुग्ण ही नाझींना सामील झाल्याबद्दल तुरुंगात असलेली ६७ वर्षांची स्त्री होती. यंत्राने तिचे राजकारण विचारले नाही. १९६० मध्ये सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रक्तवाहिनीत कायम राहणारी नळी बसवली आणि जुनाट रुग्णालाही वर्षानुवर्षे डायलिसिस देणे शक्य झाले.

१५/ जेपींच्या यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली. पंतप्रधान साहाय्य निधीतून इंदिरा गांधींनी ९० हजार रुपये पाठवले. जेपींनी ते नम्रपणे नाकारले. त्याच यंत्राच्या आधाराने त्यांनी १९७७ ची निवडणूक पाहिली आणि २४ मार्चला राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांना शपथ दिली. ज्याचे रक्त यंत्राने गाळावे लागत होते, त्या माणसाने सत्तांतर घडवून आणले.

१६/ २२ मार्च १९७९ रोजी पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी लोकसभेत जेपींच्या निधनाची वार्ता दिली. श्रद्धांजली वाहून झाली. जेपी मात्र जसलोकमध्ये जिवंत होते! पडताळणी न केलेली बातमी देशाच्या सर्वोच्च सभागृहापर्यंत कशी पोचते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, ७७ व्या वाढदिवसाला तीन दिवस असताना, पाटण्यात त्यांचे निधन झाले. डायलिसिसने त्यांना जवळजवळ चार वर्षे दिली होती.

१७/ म्हणून येत्या २५ जूनला तो संदेश आला तर पुढे पाठवण्यापूर्वी एवढेच विचारा : कोणत्या तारखेचा अहवाल? त्याच्या आधीचा कुठे आहे? तो कोणाच्या ताब्यात होता? हेच प्रश्न घरातल्या मधुमेही वा रक्तदाबाच्या रुग्णाची फाइल पाहतानाही विचारा. जुने अहवाल रद्दीत टाकू नका. एका आकड्यापेक्षा आकड्यांचा क्रम अधिक सांगतो. रक्त असो वा इतिहास, तारखेशिवायचा पुरावा अर्धाच असतो.

(थ्रेड समाप्त)