घरात धान्य, बाहेर गवत

महाड-पोलादपूरकडचं जुनं घर पावसाच्या हिशेबानं बांधलेलं असे. महाडला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि सावित्रीचा उगम जिथे आहे त्या महाबळेश्वरला त्याहून कितीतरी अधिक. मृग लागायच्या आत लाकूडफाटा, शेणी, गुरांचा पेंढा, भाताचं बियाणं, सुकी मासळी असं सगळं छपराखाली जायला हवं. राहत्या घरात एवढी जागा कुठली? म्हणून परसात खोप उभी राही.

खोपीला पैसा लागत नसे. रानातून आणलेल्या चार मेढी, आडवे वासे, शेणामातीनं लिंपलेला कारवीचा कूड आणि वर गवत. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि मग वाळून जाते; पोलादपूरच्या डोंगरउतारांवर ती मुबलक. खर्च व्हायचा तो अंगमेहनतीचा, कारण गवताचं छप्पर वर्षाच्या वर्षाला शाकारावं लागे.

खोपीत काय ठेवायचं नाही, हे मात्र ठरलेलं होतं. धान्य घरातच, कणगीत, माणसांच्या नजरेसमोर. बाहेर जायचं ते पेटणारं: लाकडं आणि गवत. चूल घरात आणि छप्पर गवताचं असताना पेंढ्याची मोठी गंज भिंतीला खेटून रचणं म्हणजे वणव्याला घरी बोलावणं.

ही भीती केवळ शेतकऱ्याची नव्हती. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणकडच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण जपून वापरा, असं त्यात बजावलं आहेच. पण विस्तवाबद्दलची ताकीद अधिक बारकाईची आहे. कुणी स्वयंपाक करील, कुणी तंबाखू ओढील, रात्री दिव्याची पेटती वात उंदीर पळवून नेईल आणि गवत पेटेल, इथवर विचार केलेला आहे. वैरण जळाली की घोडी मेली, आणि घोडी मेली की फौज संपली. उंदराचा विचार करणारा राजा साठवणीच्या जागेकडे किती काळजीनं बघत असेल, हे वेगळं सांगायला नको.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात तर कोठार कसं असावं हेच सांगितलं आहे. गडावरचा दारूखाना सदरेपासून लांब असावा, भोवती निर्गुडीसारख्या झाडांचं दाट कुंपण असावं, आत माच घालून दारूची मडकी जमिनीपासून वर ठेवावीत, अधूनमधून दारू उन्हात सुकवावी. दारूगोळ्याच्या जागी लाकडं धरली, तर परसातल्या खोपीलाही हेच नियम लागू पडतात: घरापासून अंतर, जमिनीपासून उंची आणि ओलीपासून बचाव. महाड तालुक्यातल्या खुद्द रायगडाचा शेवट आगीतच झाला. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजी तोफांच्या भडिमारात गडावर आग भडकली, वाडे जळाले आणि 10 मे रोजी गड इंग्रजांच्या ताब्यात गेला.

महाड शहराचं दुखणं वेगळं. सावित्री आणि गांधारी यांच्या काठचं हे जुनं बंदर. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर होड्या इथवर येत आणि घाटावरचा माल इथे उतरे. मालाच्या साठवणीला जागा हवी, पण नदीकाठी परसात शेड घातली तर पहिल्या पुरात ती जाणार. म्हणून बाजारपेठेतली साठवण आडवी न पसरता वर चढली. दुकानावर माळा, घरावर पोटमाळा. पाणी वाढायला लागलं की पोती खांद्यावरून वर.

मंगळुरी कौलांनी या माळ्याला बळ दिलं. मंगळूरला बासेल मिशननं 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ही कौलं किनाऱ्यावरच्या गावागावांत पोचली. गवताच्या छपराखाली माळा म्हणजे आगीला आमंत्रण. कौलाखाली तो बराच निर्धास्त झाला. ज्यांना कौलं परवडली त्यांच्या घराचं छप्पर दरवर्षी शाकारायचंही टळलं.

आता परसात दिसते ती पत्र्याची शेड. लोखंडी पाइप, वर रंगीत पत्रा. दोन-चार दिवसांत काम उरकतं. गॅस आल्यापासून लाकडांची गरज घटली, तरी आंघोळीच्या पाण्याला ती अजून लागतातच. शिवाय दुचाकी, पंप, खताच्या गोण्या, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचं जास्तीचं सामान, सगळं तिथेच जमा होतं. पत्रा आग झेलतो हे खरं. वारा मात्र झेलत नाही. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात दक्षिण रायगडात असे पत्रे पानांसारखे उडाले. पुढच्याच वर्षी, 22 जुलै 2021 ला, महाड शहर पाण्याखाली गेलं आणि तळमजल्यावर ठेवलेलं सामान चिखलात गेलं. माळ्यावर जे वेळेत चढलं तेवढं वाचलं.

महाडात नवी शेड घालणाऱ्यानं म्हणून आधी शेजारच्या जुन्या भिंतीवरची पुराची खूण बघावी. पत्रा हुकांनी नीट आवळून घ्यावा, पंप आणि खत जमिनीवर न ठेवता मजबूत फळीवर ठेवावं, आणि भाताचं बियाणं त्या शेडमध्ये ठेवूच नये.