भोरड्या आल्या, पण नोंद कुठंय?

पक्षी सप्ताह चालू आहे, म्हणून आज पाखरांचा इतिहास. 5 नोव्हेंबर मारुती चितमपल्लींचा वाढदिवस, 12 नोव्हेंबर सालीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्यात 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात.

परवा संध्याकाळी घाटनांदूर स्टेशनजवळच्या पिंपळावर भोरड्या उतरल्या. गुलाबी अंग, काळं डोकं, आणि कालवा इतका की फोनवर बोलता येईना. उन्हाळ्यात कझाकस्तानकडं हा पक्षी टोळ खातो, म्हणून तिकडं लाडका. इकडं हुरड्याच्या दिवसांत हाच चोर! आमचे आजोबा माळ्यावर उभं राहून गोफणीनं हाकलायचे.

मग प्रश्न पडला, आपल्याकडच्या पाखरांची जुनी नोंद कुठं असेल? मी आधी मुंबई इलाख्यात शोधत बसलो. चुकलंच. 1948 पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो, अंबाजोगाईला तेव्हा मोमिनाबाद म्हणायचे. आणि त्या संस्थानाची पक्षी-पाहणी 1931-32 मध्ये खुद्द सालीम अलींनी केली. बर्लिनहून शिकून आले होते, हाताला नोकरी नव्हती. पगार नको, फक्त खर्च द्या, या बोलीवर निघाले. पत्नी तेहमिना सोबत. अहवाल 1933-34 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये आला.

तेव्हा नोंद करायची म्हणजे बंदूक लागायची. पक्षी मारायचा, कातडं भरायचं, त्याला तारीख आणि जागेची चिठ्ठी बांधायची. इंग्लंडात ह्यू व्हिसलर ते नमुने तपासायचे. ऐकायला वाईट वाटतं, पण आमच्या भाषेत टाइमस्टॅम्प, लोकेशन, व्हॅलिडेशन, सगळं होतं.

अडचण एकच. संस्थान अवाढव्य, मुक्काम मोजके. एखाद्या गावाचं नाव यादीत नाही म्हणजे तिथं पक्षी नव्हते असं नाही, तिथं कुणी पाहिलंच नाही. कोडिंग करणाऱ्यांना कळेल, नल म्हणजे शून्य नव्हे.

आजोबा म्हणतात, ज्वारी कमी झाली, सोयाबीन आलं, भोरड्या आटल्या. मला पटतं. पण आकडा दाखवा म्हटलं तर काय दाखवू? त्यांनी जन्मभर हाकललेल्या थव्यांची एक ओळही कुठं लिहिलेली नाही.

परवाचा थवा मी ईबर्डवर टाकला, अंदाजे दोनशे. आजोबांना दाखवला. म्हणाले, "लईच बारका थवा व्हता की मग."