रिपोर्टमध्ये तांबड्या पेशी जास्त? ‘रक्त भरपूर आहे’ म्हणून खूश होऊ नका

रक्त कमी असलं की घरात सगळ्यांना काळजी वाटते. पण सीबीसी रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १८ दिसलं, तर ‘तब्येत ठणठणीत’ म्हणून तो कागद कपाटात जातो. तिथेच चूक होते. पेशी वाढल्या की रक्त दाट होतं, गुठळी होण्याचा आणि त्यातून हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताचा धोका वाढू शकतो.

साधारणपणे पुरुषांत हिमोग्लोबिन १६.५ आणि स्त्रियांत १६ च्या वर गेलं, की डॉक्टर कारण शोधू लागतात.

शरीरात पाणी कमी
जालना जिल्ह्यातल्या आष्टीसारख्या भागात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. दिवसभर उन्हात काम केलं किंवा जुलाब-उलट्या झाल्या, तर रक्तातला पाण्याचा भाग घटतो. पेशी तेवढ्याच असतात, पण प्रमाण जास्त दिसतं. अशा वेळी पुरेसं पाणी पिऊन, काही दिवसांनी तपासणी पुन्हा करतात.

ऑक्सिजन कमी
ऑक्सिजन कमी पडला की किडनी एरिथ्रोपोएटिन हे हार्मोन जास्त सोडते आणि हाडांतला मगज जास्त पेशी बनवतो. विडी-सिगारेट, चुलीच्या धुराने वर्षानुवर्षं खराब झालेली फुप्फुसं, झोपेत श्वास अडकणं, काही जन्मजात हृदयदोष ही यामागची कारणं. सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहमध्ये राहणाऱ्यांच्या पेशीही अशाच वाढतात.

औषधं आणि गाठी
बॉडी बनवण्यासाठी घेतलेलं टेस्टोस्टेरॉन पेशी वाढवतं. क्वचित किडनी किंवा यकृतातली गाठही एरिथ्रोपोएटिन तयार करते.

मगजातलाच बिघाड
पॉलिसायथेमिया व्हेरा हा रक्ताचा संथ वाढणारा कर्करोग आहे. यात मगज गरज नसताना पेशी बनवत राहतो. सुमारे ९५ टक्के रुग्णांत जॅक-२ जनुकातला एक बदल सापडतो. तो २००५ मध्ये उजेडात आला. गरम पाण्याने आंघोळ केल्यावर अंगभर खाज, हातापायांची आग, चेहरा लालसर होणं, पोटात डाव्या बाजूला जडपणा ही त्याची लक्षणं.

मग करायचं काय?
रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. विडी-सिगारेट ओढता का, घोरता का, कोणती औषधं घेता, हे लपवू नका. लोहाच्या गोळ्या किंवा ‘रक्तदान केलं की झालं’ असे उपाय मनाने करू नका. काही रुग्णांचं रक्त काढावं लागतं, पण कधी आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. अचानक छातीत दुखलं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूची ताकद गेली, तर थेट दवाखाना गाठा.